उकंडाभाऊंचे न वाढणारे मासे

उकंडाभाऊंचं आणि माझं वावर नेर गावाबाहेर एकाच धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून. त्यामुळे त्यांचं शेततळं माझ्या डोळ्यांदेखत भरलं आणि त्यांचं माशांचं वेडही माझ्या डोळ्यांदेखतच वाढलं. बायको सत्यशीला वारल्यावर घरात बोलायला कोणी उरलं नव्हतं. एकुलती एक लेक उर्वशी पुण्याच्या एका दवाखान्यात नर्स. सुट्टी मिळाली की येते म्हणायची, आणि सुट्टी काही मिळायची नाही.

तळ्यात सायप्रिनस माशाची पिल्लं सोडली, त्या आठवड्यात ती फोनवर हसत म्हणाली, “बाबा, मासे किलोचे झाले की सांगा. जाळं ओढायले मी येतो.” पोरीनं सहज टाकलेलं वाक्य. या माणसानं ते धरूनच ठेवलं.

झालं, तेव्हापासून एकच घाई. यंदा सोयाबीनला भाव नव्हता, पोती घरातच पडून होती. आमच्याकडे म्हशीला सोयाबीनची चुरी घातली की थोड्याच दिवसांत तिच्या अंगावर तकाकी येते, हे शेंबडं पोरही सांगेल. भाऊंनी तेच माशांना लावलं. सोयाबीन भाजायचं, दळायचं, मळून उंडे करायचे आणि सकाळ-संध्याकाळ तळ्यात सोडायचे. तांदळाचा कोंडा नाही, शेंगदाण्याची ढेप म्हणजे पेंड नाही. मी म्हटलं, थोडा कोंडा तरी मिसळा. तर म्हणे, “पोरगी येऊन राह्यली अन् मी कोंड्यावर मासे पोसू?”

“भाऊ, मासे पोसता की जावई?” मी चिडवायचो. ते हसायचेसुद्धा नाहीत. मग मध्येच आपणहून सांगायचे, उर्वशीला माशाचं डोकं आवडते, तिची माय तिच्यासाठी ते काढून ठेवे. एवढं बोलून पुन्हा पाण्याकडे बघत बसायचे. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा.

हिवाळा सरला, उन्हाळा लागला, तरी मासा पावशेराच्या पुढे सरकेना. भाऊ एखादा धरायचे, हातावर तोलायचे आणि तोंड बारीक करून परत सोडायचे. दुसऱ्या दिवशी उंडे आणखी मोठे.

एकदा मी वैतागून म्हटलं, “तिला सरळ ये म्हणा ना!”

“कामाची पोरगी हाय. बिनाकारणाची कशी बोलावू?” एवढं म्हणून ते पीठ मळायला लागले.

शेवटी जिथून पिल्लं आणली होती, त्या मत्स्यबीज केंद्रातल्या वर्षाताई तळं बघायला आल्या. त्यांनी एक मासा चिरला. एवढासा मासा, आणि पोट अंड्यांनी गच्च. दुसराही तसाच.

“भाऊ, सोयाबीनमध्ये मादीच्या संप्रेरकासारखं एक द्रव्य असते,” वर्षाताई म्हणाल्या. “थोडं गेलं तर बहुतेक काही होत नाही. पण तुम्ही दुसरं काही दिलंच नाही. भाजून ते जात नाही. मासा वाढायचं सोडून अंड्यावर येते. तळ्यातली गर्दीही कारण असू शकते, पण आधी हे सोयाबीन कमी करा. कोंडा अन् ढेप द्या.”

उकंडाभाऊंनी तो चिरलेला मासा हातावर घेतला. “म्हणजे मीच अडवून राह्यलो तिले,” ते म्हणाले.

वर्षाताईंना वाटलं, ते त्या मादी माशाबद्दल बोलतायत. मला कळलं होतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

त्या संध्याकाळी त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. कानांनी कमी ऐकू येतं म्हणून ते नेहमी स्पीकरवर बोलतात.

“उर्वशी, मासे काही किलोचे होत नाहीत वं. माह्याच हातानं चुकलं.”

“कोणते मासे, बाबा?”

भाऊंनी तिचंच वाक्य तिला ऐकवलं, एक शब्दही इकडचा तिकडे न करता. पलीकडून तिचा रडवेला आवाज आला.

“बाबा, मी तं गमतीनं म्हणलं होतं. इतके दिवस तुम्ही नुस्तं ‘ये’ काहून नाही म्हणलं?”

भाऊंनी फोन तोंडाजवळ नेला.

“म्हणलं असतं,” ते म्हणाले, “अन् तू आली नसती, तर?”