मोकळा खोकला

ताईच्या छातीचे फोटो एका मोठ्या खाकी पाकिटात आहेत. ती गेल्यावर महिनाभराने कपाट आवरायला घेतलं, तेव्हा ते हाती आलं. एक फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. कडा पिवळ्या पडल्या आहेत, पण श्वासनळ्यांच्या पांढऱ्या फांद्या अजून लख्ख दिसतात, कुठेही हललेल्या नाहीत. त्या इतक्या स्पष्ट का आल्या, हे माहीत असलेली आता मी एकटीच उरले आहे.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. लहानपणी तिला डांग्या खोकला झाला आणि तेव्हापासून खोकला तिला चिकटला तो चिकटलाच. सकाळी उठली की वाटीभर कफ पडायचा. तपासण्या झाल्या होत्या, क्षय नव्हता. पण हे लोकांना कोण पटवणार? तिच्या लग्नाचं बघायला लागलो तेव्हा वडील नव्हते, सगळं आईच्या अंगावर. मुलगी खोकते म्हटल्यावर पाहुणे चहासुद्धा घ्यायचे नाहीत, अशी तिला धास्ती. म्हणून ते यायच्या आधी ती ताईच्या गालात ज्येष्ठमधाची काडी ठेवायची आणि सांगायची, "श्वास वरवर घे. आलाच तर गिळ."

आणि अगदीच आवरला नाही, तर स्वयंपाकघरात भांडं पाडायचं काम माझ्याकडे होतं. मी पडद्याआड पातेलं घेऊन उभी राहायचे. कोथरूडच्या आमच्या दोन खोल्यांत तो आवाज असा घुमायचा की खोकला त्यात बुडून जायचा. एकदा एका मुलाची आई चपला घालता घालता म्हणाली, "तुमच्याकडे भांडी फार पडतात हो."

"धाकटी जरा वेंधळी आहे," आई म्हणाली. तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते.

पुढे पुढे भांडं पाडायची वेळ येईनाशी झाली. ताईला खोकला दाबणं जमू लागलं. डोळे भरून यायचे, मानेची शीर ताठ व्हायची, पण आवाज नाही. ती एका शाळेच्या ग्रंथालयात नोकरीला होती, तिथेही हेच. मग एका थंडीत तिला ताप आला, कफात रक्ताची रेघ दिसली, आणि आई तिला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मीही बरोबर होते.

"श्वासनळ्या खालच्या बाजूला फुगल्या असाव्यात," डॉक्टर म्हणाले. "साध्या फोटोत नीट कळत नाही. नळ्यांमध्ये एक तेलकट औषध सोडून फोटो काढू. औषध जाईल तिथे नळी पांढरी दिसते. बिघाड एकाच बाजूला असेल तर तेवढा भाग काढून टाकता येईल, मुलगी बरी होईल. दोन्हीकडे असेल, तर मग ऑपरेशन नाही."

मग ते ताईकडे वळले. "एक अट आहे. औषध आत असेपर्यंत खोकायचं नाही. खोकलात की सगळं वर येणार आणि फोटो वाया जाणार. पुष्कळांना जमत नाही."

"ते तिला जमेल," आई म्हणाली. तिच्या आवाजात चक्क अभिमान होता.

फोटोच्या दिवशी ताईला उपाशी ठेवलं होतं. फवाऱ्याने घसा बधिर केला आणि नाकातून बारीक नळी आत सरकवली, हे तिने नंतर सांगितलं. आम्ही दोघी बाहेर बाकावर होतो. दाराआडून डॉक्टरांचा आवाज येत होता. "डाव्या कुशीवर. आता श्वास घ्या. धरा. सोडा." आई उठून दाराला कान लावून उभी राहिली, पडद्याआड मी उभी राहायचे तशी. माझ्या हातात त्या दिवशी काही नव्हतं. आतलं टेबल करकरलं, पुन्हा "धरा", पुन्हा "सोडा". मग उजवी बाजू. खोकला काही ऐकू आला नाही.

डॉक्टर बाहेर आले ते खुशीतच. "अहो बाई, एकदासुद्धा नाही! कुठे शिकली ही?"

आई पदराने चष्मा पुसत राहिली.

शेजारच्या खोलीत ताईला पालथं झोपवलं होतं, डोकं कॉटच्या कडेवरून खाली आणि समोर तसराळं. आता औषध खोकून बाहेर काढायचं होतं. पण ताई खोकेना. खोलीत तीन-चार बायका होत्या, एकीचा नवरा होता. ताईने ओठ गच्च मिटून घेतले होते.

"अहो, खोका की आता," नर्स म्हणाली. "मघाची परीक्षा संपली."

आई तिच्या कानाशी वाकली. "खोक गं. मोकळं खोक. कोणी आलेलं नाही."

तरी नाही. तेव्हा आईने पदर खोचला आणि स्वतःच खोकायला लागली. खोटं खोटं, पण केवढ्यांदा! चारचौघांत आवाज न चढवणारी माझी आई भर खोलीत उभी राहून खोकत होती.

"बाई, फोटो तुमचा नव्हता," नर्स म्हणाली.

ताईला हसू फुटलं. हसता हसता ठसका लागला, आणि मग ती जी खोकली! तसराळ्यात पांढरं तेल पडत होतं, आई पाठीवरून हात फिरवत होती, "अस्सं. अजून. अजून," म्हणत होती. ताई तेवढ्या मोठ्याने खोकलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

चार दिवसांनी डॉक्टरांनी फिल्म दिव्याच्या पेटीवर लावल्या. डावीकडे खाली, फांद्यांच्या टोकांना द्राक्षांचे घोस लागावेत तसं दिसत होतं. उजवीकडेही तसंच. काय ते त्यांना सांगावं लागलं नाही.

आईने एवढंच विचारलं, "मी दाबायला लावला म्हणून झालं का?"

"नाही. हे लहानपणीच्या आजाराचं आहे," डॉक्टर म्हणाले. फिल्म उतरवता उतरवता म्हणाले, "पण आता दाबू नका."

पहिलं वाक्य आईला कधीच पटलं नाही. दुसरं तिने पाळलं. रोज सकाळी पोटाखाली उशा घेऊन ताई पलंगावर ओणवी पडायची आणि आई हाताचा खळगा करून तिची पाठ थापटायची. त्यानंतर मावशीच्या आग्रहाने एकदाच पाहुणे आले. पोहे देऊन ताई बसली आणि खोकली. सवयीने मी पातेलं उचललं. आईने ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि आवाज न करता ओट्यावर ठेवलं. बाहेर ताई सांगत होती, "मला हे कायमचं आहे." पाहुण्यांनी पोहे संपवले, चांगले झालेत म्हणाले. परत आले नाहीत.

आई गेल्यावर थापटायचं काम माझ्याकडे आलं. लग्नानंतर मी दोन गल्ल्या पलीकडेच राहत होते, चहाच्या आधी जायचे. फिल्म न बघताही हाताला कळायचं, कुठे भरलंय, कुठे मोकळं झालंय. तिची पाठ वर्षावर्षाने हलकी होत गेली आणि माझा हातही.

शेवटच्या आठवड्यात, दवाखान्यात, तिच्यात खोकायचं बळ उरलं नव्हतं. थापटलं तरी घरघर तशीच. मला काही सुचेना. मी उभी राहिले आणि आई खोकली होती तशी खोकले, दोनदा, मोठ्याने. पलीकडच्या खाटेवरची बाई दचकली. ताईने डोळे उघडले.

"वेंधळे," ती म्हणाली, "फोटो तुझा नाही."

आणि ती हसली. मी तसराळं हातात धरून वाट पाहत राहिले. पण या वेळी ते नुसतं हसूच होतं.