नॉर्मनचं गाव

स्पेनला जाऊन म्हातारपण काढायचं हे खूळ थेल्माचं. नॉर्मन ऑल्डरसनला त्यातलं काही नको होतं. इंग्लंडातल्या हल या बंदराच्या शहरात तो बस चालवायचा आणि सुटीच्या दिवशी गावाबाहेर भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर कांद्याची पात आणि बीट लावायचा. त्याला तेवढं पुरत होतं. थेल्मा मात्र चपलांच्या दुकानात लोकांच्या पायांशी वाकून वाकून कंटाळली होती. बाहेर समुद्रावरून बोचरा वारा यायचा, ओले बूट घातलेली गिऱ्हाइकं आत यायची आणि ती मनातल्या मनात संत्र्यांची झाडं बघत बसायची. दर आठवड्याला संध्याकाळच्या वर्गाला जाऊन ती स्पॅनिश शिकली. परीक्षा दिली, पहिल्या वर्गात पास झाली, प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीवर लावलं.

"आणि मी काय करू तिकडे?" नॉर्मन विचारायचा.

"उन्हात बस. तुला दुसरं काय येतं?"

दोघं निवृत्त झाली, हलचं घर विकलं आणि समुद्रापासून आत, डोंगराच्या कुशीतल्या बेनिफार नावाच्या गावात येऊन राहिली. दगडी घर, मागे अंगण, अंगणात लिंबाचं झाड. थेल्माला पहिले काही दिवस स्वर्ग दोन बोटं उरला.

मग ती पाव आणायला गेली. दुकानात चार बायका उभ्या होत्या. थेल्माने मनात वाक्य जुळवलं आणि स्वच्छ, शुद्ध स्पॅनिशमध्ये म्हणाली, "सुप्रभात. आपण मला कृपया एक मध्यम आकाराचा पाव द्याल का?"

बायकांचं बोलणं एकदम थांबलं. जणू दुकानात सरकारी साहेब तपासणीला आला होता. पाववालीने हात पुसले, पाव कागदात गुंडाळला आणि मोडक्या इंग्रजीत किंमत सांगितली. थेल्मा दाराबाहेर पडली तशा त्या पुन्हा बोलायला लागल्या. पण ते स्पॅनिश नव्हतंच. गावाची बोली वालेन्सियन. वर्गातल्या मास्तरणीने त्या बोलीचं नावही कधी काढलं नव्हतं.

नॉर्मनला तर धड कुठलीच भाषा येत नव्हती. त्यामुळे त्याचं काही अडलं नाही. शेजारी रेमेदियोस नावाची विधवा राहायची, सगळं गाव तिला रेमे म्हणायचं. अंगाने आडवी, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं उठून बसावं. ओढ्याकाठी तिचा भाजीचा मळा होता. नॉर्मन फिरत फिरत तिथे गेला, थोडा वेळ बांधावर उभा राहिला आणि मग न विचारता वाकून गवत उपटायला लागला. रेमेने वर बघितलं.

"आरं ए इंग्रजा, त्यो कांदा हाय, गवत न्हाई!"

त्याला अक्षर कळलं नाही. त्याने कांदा पुन्हा मातीत खोचला आणि टोपी काढून त्या कांद्याची माफी मागितली. रेमे हसता हसता बांधावर बसली. त्या दिवसापासून तो रोज मळ्यात जायला लागला आणि लहान पोराने शिकावी तशी ती बोली शिकला. आधी शिव्या, मग भाज्या, मग माणसं. एकदा रेमेने त्याला पाद्रीबाबांना करायचा खास नमस्कार शिकवला. चर्चच्या पायरीवर नॉर्मनने तो मोठ्या अदबीने म्हणून दाखवला. खेचर अडून बसलं की त्याला जे म्हणतात ते शब्द होते ते. पाद्रीबाबा पोट धरून हसले. पुढे कित्येक दिवस गावात दुसरा विषय नव्हता.

"लाज नाही वाटली तुला?" थेल्मा घरी त्याच्यावर उखडली.

"वाटली की. पण नंतर त्यांनी मला वाइन पाजली."

गाव त्याला 'आमचा नोर्मा' म्हणायला लागलं. आणि तिला? खाटकापासून टपालवाल्यापर्यंत सगळे तिला 'नोर्माची बाई' म्हणायचे. पहिल्या वर्गात पास झाली होती ती, आणि इथे तिला नावसुद्धा नव्हतं! तिच्या शुद्ध वाक्यांना लोक मान झुकवून उत्तर द्यायचे. त्याच्या मोडक्यातोडक्या बोलण्यावर टाळ्या द्यायचे, पाठीत धपाटे घालायचे. घरी येताना त्याच्या हातात कुणी दिलेली वांगी असायची, कुणी दिलेली अंडी. थेल्मा ती वांगी चिरताना सुरी जरा जोरातच आपटायची.

ती समुद्राकाठच्या गावी इंग्रज मंडळींच्या क्लबात जाऊन बघायची. तिथे गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया, डॉक्टरांच्या तारखा आणि कोण परत गेलं, कोण वारलं याच गप्पा. दर हिवाळ्यात दोन खुर्च्या रिकाम्या व्हायच्या. तिला तिथे करमत नव्हतं आणि गावात तिला कुणी घेत नव्हतं. हे नॉर्मनला सांगावं तर तो म्हणणार, "चल ना मळ्यात." मळा रेमेचा होता. तिथे जायला तिचा पाय उचलत नव्हता.

त्यात पत्त्यांची भर पडली. पेन्शनरांच्या क्लबात दुपारी त्रुक नावाचा डाव रंगतो. जोडीजोडीने खेळायचं आणि आपल्याकडे काय पान आहे ते समोरच्यांना कळू न देता जोडीदाराला चेहऱ्यानेच सांगायचं. नॉर्मनची जोडीदार अर्थातच रेमे. एका दुपारी थेल्मा त्याला बोलवायला गेली आणि दारातच थबकली. तिच्या नवऱ्याने भरल्या खोलीत रेमेला डोळा मारला होता. रेमेने खालचा ओठ दाताखाली धरून उत्तर दिलं होतं.

दोघं घरी आली. दार लागल्यावर ती म्हणाली, "डोळा मारतोस तिला?"

"अगं, एक्का होता तो! इथल्या पत्त्यांतला सोट्याचा एक्का!"

"आणि तिने ओठ चावला तो?"

"तिच्याकडे तिऱ्या होत्या, थेल."

हे खरं असणार हे तिला कळत होतं. म्हणून तर जास्त झोंबलं. पन्नाशीनंतर नॉर्मनने तिच्याकडे एवढं लक्ष देऊन कधी पाहिलं नव्हतं. जेवायच्या टेबलावर समोर बसूनसुद्धा दोघांची नजर मिठाच्या बाटलीपलीकडे जात नव्हती.

गावच्या जत्रेत त्या जोडीने स्पर्धा जिंकली. बक्षीस म्हणून मिळालेली डुकराची अख्खी सुकवलेली मांडी नॉर्मनने मिरवत आणून स्वयंपाकघरात टांगली. महिनोन्‌महिने थेल्मा सवतीचं तोंड बघावं तशी तिच्याकडे बघत राहिली. नॉर्मन रोज त्या मांडीचे पातळ काप काढून मिटक्या मारत खायचा. ती एक कापही तोंडात घालायची नाही.

पुढच्या वसंतात नॉर्मन घेवड्याच्या वेलांना काठ्या रोवत असताना मळ्यातच कोसळला. रेमेने हाका मारून माणसं गोळा केली, भाच्याच्या गाडीत त्याला घातलं आणि इस्पितळ गाठलं. थेल्माला निरोप मिळून ती पोचली तेव्हा रेमे खाटेशी होती. तिचा मातीने भरलेला तळवा नॉर्मनच्या कपाळावर होता. नर्स आत आली आणि सरळ रेमेला म्हणाली, "बाई, तुमच्या नवऱ्याच्या औषधांची नावं सांगता का?"

रेमेने हात झटकन काढला. "म्या न्हाई. ती हाय बायकू."

थेल्माने औषधांची नावं सांगितली. सगळी सांगितली, अगदी शुद्ध उच्चारात.

मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. उजवी बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं. बरेच दिवस बोलणं नव्हतंच. मग बोलणं परत आलं, अडखळत, चाचरत, पण फक्त इंग्रजी. उतारवयात शिकलेलं आधी जातं कधीकधी, डॉक्टर म्हणाले, परत येईल किंवा येणारही नाही. रेमे भेटायला आली, नेहमीच्या आवाजात मळ्याची हकीकत सांगायला लागली. नॉर्मन तिच्या तोंडाकडे बघत राहिला. बाजारात हरवलेलं पोर बघतं तसं. मग त्याने मान वळवली आणि बायकोला विचारलं, "काय म्हणतेय ती?"

बोलता येत नसली तरी इतक्या वर्षांत ऐकून ऐकून थेल्माला ती बोली समजायला लागली होती. तिने भाषांतर करून सांगितलं. घेवडा वर चढलाय, गोगलगाईंनी कोबी खाल्ला. आणि सांगता सांगता तिच्या पोटात काहीतरी गोड, उबदार पसरलं. नवरा परत तिचा झाला होता. आता रेमेलाही त्याच्याशी थेल्माच्याच तोंडून बोलावं लागणार होतं. रेमे डोळे पुसत बाहेर गेली. थेल्मा खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. आपण आनंदात आहोत हे कुणाला दिसू नये म्हणून तिने पाठ फिरवली होती.

तो आनंद फार टिकला नाही. घरी आल्यावर नॉर्मन अंगणात खुर्चीत बसायचा, जेवण ढकलून द्यायचा. थेल्मा त्याच्याशी खूप बोलायची, इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं. तो ऐकायचा, मान हलवायचा. रेमे आली की मात्र त्याच्या डाव्या डोळ्यात जीव यायचा. ती त्याच्या हातात पत्ते द्यायची, चुकीचं पान टाकलं की शिव्या द्यायची. शिव्या त्याला कळत नव्हत्या तरी तो हसायचा, आणि जाताना ती ठेवून गेलेली भाताची वाटी संपवायचा. थेल्मा ती वाटी धुऊन परत करायची. आभाराचं वाक्य तेवढं म्हणायची नाही.

हलहून तिची बहीण ग्लेंडा फोनवर म्हणाली, "आता पुरे झालं गं. परत या. इथे आम्ही आहोत, माझी मुलं आहेत. तिकडे उद्या तुझं काही झालं तर त्याला कोण बघणार?"

ग्लेंडाला थेल्माच्या उन्हाचा हेवा. थेल्माला ग्लेंडाच्या नातवंडांचा. पण या वेळी बहीण बरोबर बोलत होती. नॉर्मनला न विचारता थेल्माने दलालाला फोन केला आणि घरावर विक्रीची पाटी लावून घेतली.

घर बघायला लीड्सहून एक जोडपं आलं. नवरा उंच, खणखणीत. बायकोचं नाव हिलरी. दोघं नुकतीच निवृत्त झाली होती. हिलरी प्रत्येक खोलीत शिरून "किती छान!" म्हणत होती. स्वयंपाकघरात तिने खिडकीच्या कठड्यावरून हात फिरवला, असा की तो आत्ताच तिचा झाला. अंगणात रेमे नॉर्मनसमोर पत्ते पिसत बसली होती. हिलरी पुढे झाली आणि वर्गातल्यासारख्या स्वच्छ स्पॅनिशमध्ये म्हणाली, "नमस्कार. आपल्याला भेटून मला अतिशय आनंद झाला."

रेमेने वर बघितलं, हसली, लिंबाची एक फांदी खाली ओढली आणि पिकलेलं लिंबू तोडून तिच्या हातावर ठेवलं.

थेल्माच्या लिंबाच्या झाडाचं लिंबू! या घरात आल्यापासून रेमेने थेल्माच्या हातावर कधी काही ठेवलं नव्हतं. जे द्यायचं ते नॉर्मनच्या हातात. थेल्माच्या अंगाचा तिळपापड झाला. क्षणात तिला सगळं दिसलं. ही बाई या खिडकीशी उभी राहणार. हिचा धट्टाकट्टा नवरा मळ्यात जाणार. रेमे तिला नावाने हाक मारणार. आणि आपण हलच्या पावसात ग्लेंडाच्या मागच्या खोलीत बसून विचार करणार, आज घेवडा तोडला असेल का?

स्वयंपाकघरात परत आल्यावर हिलरीने हळूच विचारलं, "खरं सांगा हं. इथलं आयुष्य कसं आहे?"

"खरं सांगू?" थेल्मा म्हणाली. "हिवाळ्यात ही दगडी घरं आतून ओल धरतात, पांघरुणात शिरूनही दात वाजतात. जत्रेत आठवडाभर पहाटेपासून फटाके. तुम्ही शिकलात ती भाषा इथे कुणी बोलत नाही. एका सरकारी कागदासाठी तीन कचेऱ्या फिरवतात. माणूस गेला की दुसऱ्या दिवशी पुरून मोकळे होतात, इंग्लंडहून कुणी पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. आणि तुमचे मिस्टर इथे रमतील, बरं का. खूप रमतील. तुम्ही घरात बसून त्यांची वाट बघाल."

हिलरीचा चेहरा उतरत गेला. तिने नवऱ्याकडे बघितलं. थेल्मा थांबली नाही. तिने गळणाऱ्या छपराचाही एक किस्सा सांगितला, जो शेजारच्या गावातल्या घराचा होता.

जोडपं गेलं. थेल्मा शिडी घेऊन बाहेर आली आणि पाटी उतरवायला लागली. खिळा निघेना. रेमे अंगणातून आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"घेत्यात का घर?"

"न्हाई," थेल्मा म्हणाली आणि मग तिचं तिलाच नवल वाटलं. तिने चक्क त्या बोलीतला शब्द वापरला होता. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेला.

"लई बेस," रेमे म्हणाली. "ती बाई गोड हुती दिसायला. नोर्मा खुळावला असता."

"आणि तू?" थेल्मा शिडीवरून ओरडली. "तू नाही का खुळावलीस त्याच्यावर?"

रेमेने डोळे मोठे केले. मग शिडी घट्ट धरली.

"बये, मला एक नवरा हुता. त्यानं माझी हौस फेडली. आता मला पत्ते खेळाय माणूस पायजे. तू खेळशील तर तू. पण तू कवा दारात आलीस? नोर्मानं तिसऱ्या दिशी कोथिंबीर मागितली. तू येवढ्या वर्षांत चिमूटभर मीठबी न्हाई मागितलंस. आमी म्हनायचो, मोठी बाई हाय, तिला आपलं काय पायजे?"

थेल्मा शिडीवरच रडली, मोठ्याने, गल्लीत सगळ्यांना ऐकू जाईल असं. पाववाली दारात आली. खाटीकही आला, आणि खिळा त्यानेच उपटला.

ऑल्डरसन मंडळी बेनिफारमध्येच राहिली. नॉर्मनची बोली पुरती परतली नाही, भाज्यांची नावं आणि शिव्या तेवढ्या आल्या. गावाला तेवढं पुरलं. थेल्मा मळ्यात जायला लागली, मातीत हात घालायला लागली, तरी शुद्ध वाक्यांची सवय काही सुटली नाही. पाववाली आता तिची नक्कल करते, तोंडावर, आणि सगळ्या बायका हसतात. थेल्माही हसते, बहुतेक वेळा.

पोटातली जळजळ मात्र गेली असं कुणी समजू नये. अंगणातून नॉर्मनच्या हसण्याचा आवाज आला की ती अजूनही हातातलं काम टाकते, पदराला हात पुसावे तसे एप्रनला पुसते आणि बाहेर जाऊन रेमेच्या शेजारची खुर्ची ओढते. "सरक तिकडे," ती म्हणते, "मलाही पानं वाट."

"तुला खेळाय येत न्हाई," रेमे म्हणते, आणि वाटते.