डेल्टाचं उलटं चिन्ह

खोटं कशाला बोलू, तिचा आलेख पाहिला आणि माझ्या पोटात दुखलं. ती रोह्याची, मी पेणची. दोघी कॉलेजात फिजिक्स शिकवतो, एकाच सरांकडे पीएचडी करतो, आणि विषयही जवळपास एकच: फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, प्रोटॉनवर आदळला की पायऑन नावाचा हलका कण बाहेर पडतो, ते गणिताने मांडायचं. तीन वर्षं माझी रेघ प्रयोगवाल्यांच्या ठिपक्यांच्या बाजूबाजूनेच जातेय. आणि हिची थेट ठिपक्यांवर बसली! माझ्यानंतर दोन वर्षांनी आलेली ही बाई!

सरांचा नियम असा, की एकीचं गणित दुसरीने हाताने करून पाहायचं, शेवटच्या पानावर 'तपासले' लिहून सही करायची, मगच पेपर पाठवायचा. पेणला रामवाडीच्या एसटी स्टँडवर तिने वही माझ्या हातात दिली. "नीट बघ गो. तुझ्या नजरेतून काय सुटत नाय."

सुटलं नाहीच. सातव्या पानावर सापडलं. पायऑन बाहेर पडायच्या वाटा अनेक. प्रत्येकीचं गणित करून शेवटी सगळ्यांची बेरीज करायची. एका वाटेत प्रोटॉनचा क्षणभर डेल्टा नावाचा जड कण होतो. त्या डेल्टाचं सूत्र तिने एका पेपरातून उचललं होतं, बाकीची दुसऱ्यातून, आणि दोन्हीकडे चिन्हं धरायची पद्धत नेमकी उलटी. वजा हवं तिथे अधिक! मग रेघ बसेना, म्हणून एक आकडा ताणून बसवली होती. आमच्यात हे कुणाकडूनही होतं, माझ्याकडूनही झालंय.

इतका आनंद झाला मला, काय सांगू! एक फोन करायचा होता. नाही केला. म्हटलं, जाऊ दे पेपर, आपटू दे तोंडावर. 'तपासले' लिहिलं आणि झोकात सही ठोकली.

चार दिवसांनी तिचाच फोन. "अगो, वाचले! पाठवायच्या आधी सहज परत करून पाहिलं, तर डेल्टाचं चिन्ह उलटं!"

मी पटकन विचारलं, "सरांना सांगितलंस?"

"व्हय तर. म्हटलं, तिच्यासारखीच्या लक्षात आलं नाय, तिथे माझं काय! तू मनाला लावून घेऊ नको हां. होतं असं."

माझी नजर कच्ची! तेही सरांसमोर! पहिल्याच दिवशी दिसलं होतं मला, हे अगदी जिभेवर आलं होतं.

"आणि रेघ?" मी विचारलं.

"आता तर आकडा न ताणताच बसली."

"बरं झालं गो," मी म्हणाले. "माझ्या खरंच नाय लक्षात आलं."