अण्णांचे फोटो उघडले होते

ही गोष्ट सांगायची मी वीस वर्षं टाळली. काल जुना संगणक सुरू केला, तापलेल्या धुळीचा वास आला आणि राजारामपुरीतला सायबर कॅफे आठवला.

तेव्हा इंटरनेटच्या न्यूजग्रुपवर, म्हणजे सगळ्यांच्या चर्चेच्या फळ्यावर, फक्त अक्षरं जायची; फोटो चढवायचा तर त्याची फाइल आधी अक्षरांत बदलावी लागे. मी जुन्या पद्धतीचा हट्टी. त्याच कॅफेत येणारे अण्णा मगदूम नव्या पद्धतीचे, तिच्यात फाइल लहान व्हायची. यावरून ग्रुपवर आमची रोज जुंपायची. अशात अण्णांनी त्यांच्या वडिलांनी काढलेले कुस्तीच्या तालमींचे फोटो नव्या पद्धतीनं टाकले. जगानं ते बघावेत, एवढीच त्यांची हौस. मी ग्रुपवर लिहिलं, ‘फायली खराब आहेत, कुणी उतरवू नका.’ माझ्याकडे त्या स्वच्छ उघडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी कॅफेत अण्णा खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले.

“मास्तर, खरंच उघडलं न्हाईत व्हय?”

“न्हाईत.” मी कीबोर्डकडे बघत राहिलो.

“मग माझंच चुकलं की. बाबांचं हसं केलं मी.”

त्यांनी फोटो काढून टाकले आणि पुन्हा कधीच टाकले नाहीत. तेव्हा मला तो तत्त्वाचा विजय वाटला. आज फक्त त्यांचा पडलेला चेहरा दिसतो.

पुढं खरं सांगायला तीनदा त्यांच्या गावी, गडमुडशिंगीला, घरी गेलो आणि नुसताच चहा पिऊन परतलो. आता अण्णा नाहीत. सांगायचं एवढंच होतं: अण्णा, तुमचं काही चुकलं नव्हतं. मी खोटं बोललो, मला माफ करा.