मोकळ्या जागेत शुभेच्छुक

मोकळी जागा मला बघवत नाही. आमचं कोल्हापुरात फ्लेक्सचं दुकान आहे. डिझाइन मी करते, मशीन आमचे मालक, म्हणजे माझे मिस्टर, बघतात. वाढदिवस असो, यात्रा असो, कुस्तीचं मैदान असो, गिऱ्हाईक माझ्या मागं खुर्ची ओढून बसतं आणि स्क्रीनवर बोट टेकवून म्हणतं, वहिनी, हितं अजून दोन डोकी बसतील की. मग मी बसवते. मधोमध उत्सवमूर्ती, गॉगल लावून फोन कानाला धरलेली, वर देव आणि पुढारी, खाली शुभेच्छुकांची पट्टी आणि पट्टीत गल्लीतली झाडून सगळी पोरं. एखादं तोंड राहिलं तर भांडण दुकानापर्यंत येतं. त्यामुळं जागा सोडायची म्हणजे कुणाला तरी वगळायचं, असं माझ्या डोक्यात घट्ट बसलेलं.

आणि माझ्याच पोटची पोरगी निघाली मासिक काढायला, तेही गाण्याबजावण्याचं. कॉलेजातल्या दोन मैत्रिणी जोडीला घेतल्या. मिरवणुकीतलं बेंजो, रॅप करणारी पोरं, भजनी मंडळातल्या बायका, सगळं त्यात. लिहायची झकास, पण बघणार कोण? पहिला अंक कॉलेजच्या कँटीनमध्ये ठेवला, तर पोरं त्याच्यावर वडापाव ठेवून खायला लागली. दुसऱ्याचा तर सुतळी न सुटलेला गठ्ठा परत घरी आला. मैत्रिणी म्हणाल्या, सोड, रील करूया. पोरगी मला म्हणाली, तिसरा अंक काढते, आणि त्याचाही गठ्ठा उरला तर बंद. रागानं म्हणाली असती तर मी दोन शब्द सुनावले असते. ती अगदी शांतपणे म्हणाली, म्हणून मला जास्त लागलं.

मग मीच म्हटलं, ह्या खेपेचं कव्हर मी करते. इतकी वर्षं लोकांची तोंडं सजवली, पोटच्या पोरीसाठी हात चालत नाही होय?

अंकात इथल्याच बावड्यातल्या एका हलगी वाजवणाऱ्या पोरीची मुलाखत होती. मी तिचा चांगला फोटो निवडला. केस विंचरलेले, हलगी छातीशी धरलेली, कॅमेऱ्याकडं बघून हसलेली. चेहरा जरा उजळ केला, मागं सूर्याची किरणं सोडली, भोवती अंकातल्या सगळ्यांचे गोल फोटो लावले. माझ्या मते एकदम भारी काम झालेलं. पोरीनं बघितलं आणि म्हणाली,

"मम्मी, तू हलगी बंद केलीस."

मला कळेना. तिनं दुसरा फोटो उघडला, जो मी खराब म्हणून बाजूला टाकलेला. केस तोंडात गेलेले, डोळे मिटलेले, आणि उजवा हात तर दिसतच नव्हता, नुसता पुसट फराटा. तो फोटो तिनं पानाच्या एका कोपऱ्याकडं सरकवून ठेवला. बाकी सगळं पांढरं. मासिकाचं नाव बारीक अक्षरात. मी म्हटलं, अगं बया, हे कव्हर आहे का लग्नाआधीची कोरी पत्रिका? ती म्हणाली, पोरं आमच्या वयाची आहेत मम्मी, दिवसभर फोनवर चकचकीत तोंडंच बघत्यात, अजून एक कशाला बघतील? फोटोतनं आवाज आला पाहिजे.

आमची चांगलीच जुंपली. शेवटी ती म्हणाली, दोन्ही कव्हरं दुकानाच्या काचेवर लावूया. समोरच बसचा थांबा आहे, पोरं उभी असतातच. तू नुसती बघ.

लावली. मी आपली काम करत असल्यासारखी काचेमागं बसले. माझ्या कव्हरावरनं पोरांचे डोळे असे सरकून जायचे की तिथं काही लावलंय हेच त्यांना ठाऊक नसावं. रस्त्याला अशी तोंडं कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत, त्यांचं तरी काय चुकलं? पण त्या पुसट हाताशी येऊन एक पोरगा थांबला. मग दोघं थांबले. एक पोरगी तर काचेजवळ आली, हाताचा फराटा बघितला आणि नकळत स्वतःच्या सॅकवर बोटं वाजवायला लागली. बस आली तरी तिचं आपलं चालूच. मला हसू आवरेना. आयुष्यात पहिल्यांदा मी कागद वाजताना बघितला, आणि तो माझ्या पोरीनं वाजवला होता. तिला म्हटलं, तुझं बरोबर, माझं सगळं काढ. ती गळ्यातच पडली.

अंकाची फाइल तयार झाली. छापखान्यात पेन ड्राइव्ह पोचवायचं काम मालकांकडं दिलं, कारण ते त्याच बाजूला निघालेले. आता आमचे मालक म्हणजे सोन्यासारखा माणूस, पण हात शांत बसत नाही. देण्याआधी त्यांनी फाइल उघडून बघितली. बघतात तर काय, फोटोखाली सगळं रिकामं. त्यांना वाटलं, मायलेकी कामाच्या गडबडीत पट्टी टाकायलाच विसरल्या. आम्हाला फोन करून त्रास कशाला द्यायचा म्हणून त्यांनी आपलं आपण दुरुस्त केलं आणि फाइल देऊन आले.

अंक छापून घरी आले. पोरीनं गठ्ठा फोडला आणि वरचा अंक माझ्यापुढं धरला. पांढऱ्याशुभ्र कव्हरावर, त्या सुंदर पुसट हाताच्या खाली, पिवळ्या पट्टीवर लाल अक्षरात छापलेलं: शुभेच्छुक : समस्त मित्र परिवार.

मी मालकांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. ते बिचारे परत परत एकच म्हणत होते, अगं पण रिकामं होतं की. पोरगी रडली नाही. म्हणाली, संपलं, मम्मी. तरीपण कँटीनमध्ये ठेवून येते, छापलेत तर. मी गठ्ठा परत सुतळीनं बांधून दिला.

दुपारी तिचा फोन आला. मी धीर करून उचलला. पलीकडं नुसता गलका. मला आधी वाटलं भांडण झालं. मग कळलं, पोरं हसत होती. एकानं कव्हर हातात घेतलं, पट्टी वाचली आणि टेबलावरच हात मारून हसत सुटला. दुसऱ्यानं फोटो काढून स्टेटसला टाकला आणि वर लिहिलं, विषय हार्ड, म्हणजे एकदम भारी. एवढ्या पांढऱ्या जागेत तेवढी एकच पट्टी, नजर दुसरीकडं जाणार कुठं? फ्लेक्सवर ही पट्टी कुणी वाचत नाही, इथं सगळ्यांनी वाचली. हसायला म्हणून अंक उचलला, उघडला, आणि आत मुलाखत होती, फोटो होते, बेंजोवाल्यांचं अख्खं पान होतं. पोरं उभ्या उभ्या वाचायला लागली. कँटीनवाल्या मामांनी स्वतः सांगितलं म्हणे, वडापाव लांब धरा, कागदाला तेल लागंल.

मालकांनी हे ऐकलं आणि ते दिवसभर उगाचच मशीन पुसत शीळ घालत होते. मला राग यायला पाहिजे होता. आला नाही.

एकच धास्ती राहिली. ती बावड्यातली पोरगी. तिच्या फोटोखाली आम्ही हे काय करून ठेवलेलं, आणि ती कॉलेजात नव्हती, कामाला जायची. दोन-चार दिवसांनी ती दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. आमची पोरगी गडबडीनं उठून माफी मागायला लागली, पट्टी चुकून पडली, आमच्या पप्पांनी टाकली, वगैरे. त्या पोरीनं तिला थांबवलं.

"राहू दे की. आमच्या दोन्ही भावांचं दरवर्षी चौकात फ्लेक्स लागत्यात, सगळी गल्ली शुभेच्छुक. माझ्या फोटोखाली आजपातूर कोण न्हवतं." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "काकी, एक अंक मिळंल? आईला दाखवायचाय. कँटीनमधी एकबी उरला न्हाय."

मालकांनी तोंड मशीनकडं फिरवलं. अंक खरंच उरला नव्हता, फक्त पोरीनं स्वतःसाठी ठेवलेला एक होता. तो तिनं ड्रॉवरमधनं काढला, पुसला आणि तिच्या हातात दिला. ती पोरगी म्हणाली, अगं मग तुला?

"मला असू दे गं," आमची पोरगी म्हणाली. "पुढच्या अंकापासनं जास्तच छापायला लागणार हायत."

ती काय बोलून गेली हे तिच्या ध्यानातही आलं नाही. माझ्या आलं. मी पदर डोळ्यांना लावला आणि चहा टाकायला आत गेले.