सरांची मिशी आणि बेडकाचं मत

साठच्या दशकात मी बंगळुरात बेडकाच्या मेंदूवर संशोधन करत होतो. मुलगी बघायला गेल्यावर हे वाक्य उच्चारून बघा. पोह्यांची दुसरी बशी येत नाही.

काम तसं साधं. गुंगीतल्या बेडकाच्या मेंदूवर केसाएवढी तार टेकवायची आणि तिथली वीज स्पीकरवर ऐकायची. डोळ्यांपुढे भलामोठा पुठ्ठा नाचवला तरी बेडूक ढिम्म. पण मेसच्या पोंगलातली मिरी काडीला चिकटवून हलवली, की तडतडतड! त्याच्या लेखी ती माशी. मिरी थांबली की स्पीकर गप्प.

आमच्या सरांचा यावर काडीचा विश्वास नव्हता. सर मूळचे धारवाडचे. म्हणाले, "विजेच्या तारांची खरखर असणार ती. शनिवारी दाखवा. खरखर निघाली तर खोली वनस्पतीशास्त्राला, आणि तुम्ही घरी."

शनिवारी सर आले. मान द्यायचा म्हणून हातांची एकुलती एक खुर्ची मी बेडकाच्या बरोबर समोर मांडली. अक्कल पाहा!

"करा सुरू," सर म्हणाले.

तडतड!

मिरी अजून माझ्या खिशात होती.

"हे काय?" तडतड. "अहो, हा तर माझा आवाज पकडतोय!" तडतडतड. "खरखरच ही. आवरा सामान!"

मी रडकुंडीला येऊन सरांकडे पाहिलं, आणि दिसली ती त्यांची मिशी. नाकाखाली चिमूटभर, काळीभोर, शब्दागणिक उड्या मारणारी. पण गुरूला सांगायचं कसं, की बेडूक तुम्हाला खायला बघतोय?

"सर, स्वल्प... म्हणजे जरा... तोंडावर रुमाल धरता?"

"कशाला?"

"धरा तर. आता बोला."

"काय बोलू? शुद्ध वेडेपणा आहे हा!"

स्पीकर गप्प.

"आता रुमाल काढा आणि न बोलता नुसते ओठ हलवा."

तडतड.

सरांनी बेडकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मिशी डावीकडे नेली. तडतड. उजवीकडे नेली. तडतड. मग बराच वेळ दोघांचं तेच चाललं. बाहेर त्यांच्या तासाची मुलं ताटकळत होती.

शेवटी सर उठले. "सरी, ठीक आहे. खोली ठेवा तुम्ही."

दारातून परत फिरले आणि हळूच म्हणाले, "आमच्या घरी जेवायला याल तेव्हा मात्र हा प्रयोग सांगू नका. तिथं या मिशीला आधीच विरोध आहे."