काखेत ऊब धरलेले सेल

पडेगावच्या माळावर आम्ही काही रिकामटेकडे दर रविवारी सकाळी रिमोटच्या गाड्यांची शर्यत लावतो. तिथं एक गृहस्थ येत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. दोन्ही काखांत बॅटरीचे सेल दाबून ते अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखे निश्चल बसत. चहासुद्धा दुसऱ्यानं पाजावा लागे. थंडीत गार सेलचा आतला रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मीटरवर जास्त दिसतो, म्हणून सगळे सेल सारखे ऊबदार झाल्याशिवाय मीटर लावायचा नाही, हा त्यांचा नेम. तोवर शर्यत संपून जाई. त्यांची गाडी खोक्यातच राही.

"अहो, आज तरी पळवा," मी एकदा वैतागून म्हणालो.

"डावी काख जरा गार हाय, भाऊ," ते म्हणाले. "न मोजता पळवून काय उपेग? तुमचे सेल मोजले का कधी?"

मी मोजले नव्हते. कुणीच मोजले नव्हते. सगळ्यांचे चेहरे उतरले.

पुढच्या रविवारी आम्ही सगळेच काखा आवळून ओळीनं उभे होतो. शर्यत सुरू करायला झेंडा वर करायचा होता, पण कुणाचाच हात वर होईना.

गृहस्थांनी ओळीवरून समाधानानं नजर फिरवली.

"आता कशी चुरस आली!" ते म्हणाले.